धुऱ्यावरचं लेकरू

खडकवाडी, पोस्ट ताडकळस, जि. परभणी
१७ जानेवारी १९८८

सिस्टरबाई,

पत्रात सगळ्यात आधी नमस्कार लिवावा, हे तुमीच शिकवलं होतं. आज लिवणार न्हाई. मनातून निघाला की लिवीन.

तुमचं नाताळाचं कार्ड महिला मंडळाच्या नावानं आलं. वर गोठा, त्यात बाळंतीण अन् लेकरू. कस्तुराबाई बघून म्हणली, "बाळंतिणीला शेक न्हाई, काढा न्हाई, अन् हे तिघं बाप्ये सोनं घेऊन उभे." समद्या हसल्या. मग खालचं वाचलं, "कोकिळाबाई, माझ्यावरचा राग गेला का? सिस्टर एमिलिया." चारचौघींत वाचलं गेलं ते. उघड्या कार्डावर असलं इचारतं का कुणी? म्हणून मी पाकीट आणलं. भांडायचं तर झाकून भांडावं.

राग गेला न्हाई.

जूनमधी तुमची बदली झाली तवा समद्या बाया तुमाला ताडकळसच्या स्टँडवर सोडायला आल्या. जुलेखाबीनं म्हणे तुमच्या गळ्यात पडून यष्टी थांबवून धरली. मी आले न्हाई. कोकिळा निंदायला गेलीय असं कुणीतरी तुमाला सांगितलं असंल. अवो, जूनमधी कशाचं निंदणं, अजून पेरणी व्हायची होती. मी घरात बसून गहू निवडत होते. निवडलेलेच पुना निवडत होते. यष्टी फाट्यावरून जाताना तिचा हारन आमच्या आळीपर्यंत ऐकू येतो, ते इसरले होते.

तुमी कार्डात त्या लेकराचा शब्द काढला न्हाई. म्हणून मलाच काढावा लागतो. तुमी त्या दिवशी दवाई आणायला परभणीला गेला होतात, सुरुवात तुमी डोळ्यांनी बघितली न्हाई. अन् नंतर जे बघितलं त्यावर बोलला न्हाईत. तर ऐका.

तुमच्या बदलीच्या आधल्या सालचा श्रावण होता. वढ्याला पूर, यष्टी बंद. भुजंगची बायको एस्तेर, तुमच्याच धर्मातली, सातव्या महिन्यात अडली. भुजंग बैलगाडी बघायला पळाला. घरात मी अन् कस्तुराबाई, दोघी तुमच्या हाताखाली बाळंतपण शिकलेल्या. पोरगी झाली. मुठीएवढी, अन् रंग निळा. एस्तेर शुद्ध जाता जाता एकच म्हणली, "बाई, बाप्तिस्मा. बिगर बाप्तिस्म्याची जाऊ देऊ नका."

मी कस्तुराबाईला म्हणलं, तू दे, तुझं पाठांतर चांगलं. ती म्हणली, "मी बावीस प्रतिज्ञा घेतलेली बाई हाय. देवाचं नाव माझ्या तोंडातून निघालं तर ते खोटं निघंल. लेकरू मरायलंय, त्याच्या तोंडावर मी खोटं बोलणार न्हाई. तू पाणी घाल. लेकरू मी धरते." अन् तिनं धरलं. इतकं जपून तर तिनं स्वतःचं बी धरलं नसंल.

मी कोमट पाणी तांब्यात घेतलं. तीन बार डोक्यावर घातलं. पित्याच्या, पुत्राच्या अन् पवित्र आत्म्याच्या नावानं मी तुला बाप्तिस्मा देते, हे तुमी शिकवलं तस्संच म्हणलं, अक्षर इकडचं तिकडं न्हाई. लेकरानं डोळे उघडले. माझ्याकडं बघितलं. मग माझे हात आपोआप जोडले गेले अन् तोंडातून निघालं, "नरसिंहा, पदरात घे." आमच्या सासरच्या सात पिढ्यांचा देव पोखर्णीचा. त्या येळंला हात कुणाला इचारून जोडले जात न्हाईत, सिस्टरबाई.

थोड्या येळानं लेकरू गेलं.

दुसऱ्या दिवशी पूर उतरला अन् तुमी अन् फादर आलात. एस्तेरला आमी मिशनच्या दवाखान्यात आणलं होतं, तितल्या वसरीत बाकडं टाकून फादर बसले. म्हातारा माणूस, गुडघ्यापर्यंत चिखल. वाईट माणूस न्हाई, मी म्हणणार न्हाई. तापातल्या पोराला खांद्यावर घेऊन ताडकळसपर्यंत गेलेला माणूस हाय तो. त्यांनी मला म्हणलं, शब्द म्हणून दाखव. मी दाखवले. कस्तुराबाईला इचारलं, तुझ्यासमोर झालं का? तिनं गवाही दिली, "झालं. पाणी घातलं, शब्द म्हणले. मी ऐकलं." फादर म्हणले, "ठीक आहे." अन् उठायला लागले.

तितं मी गप बसायचं होतं. पर मला वाटलं, एवढं चांगलं काम केलंय तर पुरं सांगावं. मी म्हणलं, "अन् फादर, मी आमच्या नरसिंहाला बी सांगितलं बरं का. दोघांनी मिळून सांभाळलं तर बरंच की."

फादर परत खाली बसले. म्हणले, "म्हणजे तू बाप्तिस्मा नाही दिलास, बाई. तू तुझी पूजा केलीस." मग तुमच्याकडं बघितलं. मी बी तुमच्याकडं बघितलं. कस्तुराबाईनं बी. एस्तेर आत खाटेवर होती, तिला समदं ऐकू जात होतं.

तुमी खाली बघत होतात.

लेकरू मिशनच्या कबरस्तानाच्या कुंपणाबाहेर पुरलं. कुंपणाबाहेर म्हणजे आमच्या रानाच्या कडंला, धुऱ्यावर, बांधाच्या अलीकडं. भुजंगनं वर एक काळा धोंडा ठेवला. कस्तुराबाई घरी येताना म्हणली, "खोटं बोल असं मी म्हणत न्हाई. पर तुला कुणी इचारलं होतं गं?" तवापासून हेच वाक्य माझ्या डोक्यात हाय. भाकरी थापताना बी हाय.

एस्तेर अन् भुजंग दसरा झाला की ऊस तोडायला जातात. जायच्या आधी एस्तेर धोंड्याशी बसते. तिचं म्हणणं, आतली समदी एकमेकांच्या सोबतीला हायत, माझीच एकली बाहेर. यंदा मला म्हणली, "कोकिळामाय, तुमच्या पाण्यात काय कमी होतं?" मी काय सांगू? त्याचा जवाब तुमच्याकडं हाय. तुमी फादरला लिवा. लेकरू आत घ्या म्हणून लिवा. दुसरं मला तुमच्याकडून काय नगं.

कोकिळा

---

खडकवाडी
९ जुलै १९८८

सिस्टरबाई,

तुमचं पत्र आलं. मोठं हाय. मी दोनदा वाचलं अन् दोन्ही बार चूल इझली.

तुमी लिवता, बाप्तिस्मा खरा होता. देणारी हिंदू असली तरी चालतं, मनात तुमच्या देवळाला जे करायचं तेच करायचं असलं की झालं. नंतर नरसिंहाचं नाव घेतल्यानं घातलेलं पाणी परत येत न्हाई. वर असं बी लिवता की तुमच्या धर्माचा नवा कायदा पाच वर्सांमागं आलाय. ज्याच्या मायबापाच्या मनात बाप्तिस्मा द्यायचा होता ते लेकरू तसंच गेलं, तरी बिशपना इचारून त्याला आत पुरता येतं. अन् हे समदं तुमाला त्या दिवशी वसरीत उभं असतानाच ठाव होतं.

ठाव होतं.

मला वाटत होतं तुमाला ठाव नसंल. दोन वर्सं मी मनाला तेच सांगत होते, की बाईला तितले नियम ठाव नसतील, बाईला कोण शिकवतंय. आता तो बी आसरा तुमी काढून घेतलात. इमानदारीनं लिवलंत ते बरं केलं, पर मला ते झेपलं न्हाई.

आठवतं का, ते पाणी शिकवलं तो दिवस? जुलाबाचं पाणी शिकवत होतात, चिमूटभर मीठ अन् मूठभर साखर. मग म्हणलात, आता दुसरं पाणी शिकवते. समद्या पुढं सरकल्या. सरजाबाईनं इचारलं, "सिस्टरबाई, तुमी एवढ्या शिकलेल्या, मग ती पूजा फादरच कामून सांगतो? तुमी का न्हाई?" तुमी हसलात. म्हणलात, "आमच्यात बाईला वेदीमागे उभं राहता येत नाही."

मग काय, मंडळात एकेकीचं तोंड उघडलं. मी सांगितलं, आमच्यात महिन्याच्या चार दिवसांत देवघराकडं बघायचं न्हाई, अन् मयताला खांदा बाप्यानंच द्यायचा. जुलेखाबी म्हणली, "हमारे में बी औरत आगे खडी नै होती, बाई." कस्तुराबाई म्हणली, "आमच्यात बाईनं वंदना म्हणायला आडकाठी न्हाई. पर सभेत सतरंजी बाईनं आथरायची अन् तिच्यावर बसून भाषण बाप्यानं करायचं." तुमी इतक्या हसलात की डोळ्यातून पाणी आलं. अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नावावरून जिचं घर जळलं ती कस्तुराबाई, अन् जिच्या आळीतली माणसं ते घर जळताना नुसती बघत उभी राहिली ती मी. त्या दिवशी आमी दोघी एका तांब्यातलं पाणी प्यालो. तुमच्यामुळं प्यालो, हे मी मरस्तोवर म्हणीन.

अन् मग तुमी म्हणलात, तुमचे शब्द मला पाठ हायत, "वेदीवर मला जागा नाही. पण मरणाऱ्या बाळावर हे पाणी कोणीही ओतू शकतं. बाई, हिंदू, बौद्ध, मुसलमान, कोणीही. माझ्या धर्मातली ही एक गोष्ट तुमच्या आणि माझ्या हातात सारखी आहे." मी त्या राती नवऱ्याला, माणिकरावांना, कौतुकानं सांगितलं. ते म्हणले, "उद्या बाप्तिस्मा, परवा निकाह, घर कवा बघणार?"

त्या दिवशी वसरीत तुमी खाली बघितलं तवा ती एक गोष्ट बी तुमी देऊन टाकलीत. माझ्या हातातली बी अन् तुमच्या हातातली बी.

आता लिवता, आज्ञापालनाचं वचन घेतलेलं असतं, फादरच्या तोंडावर बोलायची हिंमत झाली न्हाई, अन् आता इथून त्यांना लिवायचं तर मदर परवानगी देणार न्हाईत. मी हे कस्तुराबाईला वाचून दाखवलं. मला वाटलं ती चिडंल. ती म्हणली, "तिला बी कुणीतरी बाहेरच उभं केलंय की."

मी म्हणलं, बाहेर उभी असंल तर बाहेरून आरडावं. गप कामून बसावं?

हे लिवलं अन् मग ध्यानात आलं, हे पाकीट आणायला मी माणिकरावांना इचारलं होतं. तवा पुढचं लिवत न्हाई.

कोकिळा

---

खडकवाडी
२० नोव्हेंबर १९८९

सिस्टरबाई,

तुमची दोन पत्रं आली, जवाब दिला न्हाई. बोट दुखत होतं असं लिवलं असतं, पर दुखत नव्हतं.

इकडं वाटणी झाली. दीर बन्सीधर लय दिवसांचा मागं लागला होता. तलाठी आला, साखळी पडली. मिशनच्या कबरस्तानाला लागून जी पट्टी हाय, धोंडा हाय ती, ती खडकाळ. माणिकरावांच्या मनात इहिरीकडची काळी जमीन घ्यायची होती. बन्सीधर म्हणला, मग धुऱ्याकडची मला द्या, मी ट्रॅक्टर लावून धुऱ्यासकट सपाट करतो.

ट्रॅक्टर काय धोंडा बघत असतो का?

मी माणिकरावांपुढं जाऊन म्हणलं, खडकाळ पट्टी आपण घ्यायची. ते म्हणले, डोकं फिरलं का? मी म्हणलं, फिरलं असंल. ते म्हणले, इहिरीकडं ज्वारी माणसाएवढी येते. मी म्हणलं, येऊ द्या. मग मी चूल पेटवली न्हाई. दुपारी त्यांनी चिवडा आणून खाल्ला. सांजंला बी पेटवली न्हाई. तवा ते म्हणले, "त्या सिस्टरीनं तुला बाटवलं तरी असतं तर बरं झालं असतं, तिकडं भांडायला फादर तरी होता." पर सही त्यांनी खडकाळीवर केली. गावात समदे हसले. बन्सीधरनं पेढे वाटले.

आता दुसरं ऐका. हे फादरच्या कानावर घालू नका.

मयतांच्या दिवसाआधी, नोव्हेंबराच्या दोन तारखेला फादर कबरस्तानात पाणी शिंपडतात त्याच्या आधी, तितलं गवत काढायचं अन् बाभळीच्या काट्यांचं कुंपण नव्यानं घालायचं काम मंडळाच्या बायांना मिळतं. तुमीच लावून दिलं होतं ते. जुने काटे वाळवी खाते, ते काढून टाकायचे, नव्या फांद्या वढत आणून दाबायच्या. यंदा मी अन् कस्तुराबाईनं आमच्या रानाची बाजू घेतली. जुने काटे काढले. मग नव्या फांद्या मी जुन्या जागेच्या हातभर बाहेर टाकल्या. आमच्या रानात.

कस्तुराबाईनं बघितलं. म्हणली, "कोकिळे, दुनिया बांध कोरून दुसऱ्याचं रान खाते. तू आपलंच चारायलीस व्हय?" मी म्हणलं, गप दाब. ती दाबायला लागली. तिच्या तळव्यात काटा मोडला, घरी येऊन सुईनं काढला तरी बोलली न्हाई.

एकदम सरकवलं तर दिसतं. हातभर कुणाला दिसत न्हाई. धोंडा अजून बराच लांब हाय. पर वर्सं बी हायत.

एस्तेरला सांगितलं न्हाई. आस लावून मग झालं न्हाई तर?

तुमच्या पत्रात इचारलंय, मी तुमाला माफ केलं का. माफी द्यायला मी काय फादर हाय का? ते बी बायांना जमत न्हाई ना तुमच्यात. पर मी दर बारीला तुमच्या पत्राची वाट बघते, हे खरं हाय.

कोकिळा

---

खडकवाडी
३ डिसेंबर १९९१

सिस्टरबाई,

नमस्कार.

आज निघाला मनातून. कारण सांगते.

मिशनमधी सैपाक करणारी चतुराबाई सांगत होती, तुमचं फादरला पत्र आलं होतं. लेकराबद्दल. तुमी लिवलंत शेवटी. मदरला इचारून का न इचारता ते मला ठाव न्हाई, इचारणार बी न्हाई. चतुराबाई म्हणली, फादरनी चष्मा लावून पुरं वाचलं, घडी केली, अन् प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवलं. जेवले न्हाईत म्हणे त्या दिवशी. जवाब बी दिला न्हाई. ह्या उन्हाळ्यात त्यांचीच बदली झाली अन् ते पुस्तक घेऊन गेले. आता तरणा फादर आलाय, फटफटीवर हिंडतो.

पाच वर्सं उशिरा लिवलंत. वसरीत एक शब्द बोलला असतात तर पुरं होतं. पर लिवलंत.

तुमचं हे पत्र दुसऱ्याच अक्षरात आलं तवा मला आधी वाटलं, आता बाई हातानं लिवायला बी लाजायली. मग कळलं की तुमाला दिसत न्हाई, डोळ्यात काचबिंदू वाढलाय, अन् कुणी तरणी सिस्टर वाचून दाखवते अन् लिवून घेते. माझं मन कसंच झालं. ह्याच डोळ्यांनी तुमी माझी पाटी तपासायच्यात. पयल्या दिवशी माझा हात धरून 'कोकिळा' लिववून घेतलंत. म्हणलात, आधी आपलं नाव, मग जगाचं. माझं नाव तवर कुठंच लिवलेलं नव्हतं, रेशनकार्डावर बी 'माणिकरावची बायको' होतं.

कुंपण सरकतंय. गेल्या साली माणिकरावांना दिसलं. पेरणीच्या येळंला औत घेऊन गेले अन् थांबले. मी बांधावर भाकरी घेऊन उभी. ते काट्यांकडं बघत राहिले, मग धोंड्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी म्हणलं, आता बोलणं खायचं. त्यांनी बैल वळवले, अन् धोंड्याला वळसा घालून तास धरलं. मोठा वळसा, चांगली दोन पायल्या ज्वारी होईल एवढी जागा सोडून. सांजंला जेवताना म्हणले, "लेकराच्या डोक्याशी औताचा आवाज बरा न्हाई."

आमचं बी एक गेलं होतं, सिस्टरबाई. तुमी यायच्या आधी. त्याला कुठं पुरलं ते माणिकरावांनी मला कवाच सांगितलं न्हाई, बायांनी तितं जायचं नसतं म्हणून. त्यांनाच ठाव हाय. मी बी इचारलं न्हाई.

हे मी कुणाला लिवलं नव्हतं. तुमाला वाचून दाखवणाऱ्या पोरीला म्हणावं, हे मनातल्या मनात वाच अन् मग सिस्टरला हळू सांग.

कोकिळा

---

खडकवाडी
२१ जानेवारी १९९४

सिस्टरबाई,

नमस्कार. तुमाला वाचून दाखवणाऱ्या पोरीला बी नमस्कार. पोरी, हे पत्र मोठ्यानं वाच. मधी थांबू नको.

संक्रांतीला विद्यापीठाला नाव दिलं. कस्तुराबाईच्या वस्तीत निळे झेंडे लागले, साखर वाटली. तिनं मला बी आणून दिली. म्हणली, "सोळा वर्सं लागली गं. अन् जुनं काढलं न्हाई, शेजारी जोडलं." खूश होती का रुसलेली होती मला कळलं न्हाई. तिला बी कळलं नसंल. माझ्या चुलीपुढं बसली अन् घर जळालं त्या दिवसाचं पयल्यांदाच पुरं सांगितलं. मी पुरं ऐकलं. मधी बोलले न्हाई. गप कवा बसावं ते मला आता थोडं थोडं यायलंय.

आता खरी गोष्ट.

ह्या दोन नोव्हेंबरला लेकरू आत आलं.

ऑक्टोबरच्या शेवटाला आमी काटे घातले तवा शेवटची फांदी धोंड्याच्या पलीकडं पडली. मी दाबली, कस्तुराबाईनं दाबली, सरजाबाईनं वर पाय दिला. मंडळातल्या समद्यांना कवापासूनचं ठाव होतं म्हणे. जुलेखाबी म्हणली, "हम क्या अंधे हैं?" मला वाटत होतं आमी दोघीच चोर.

एस्तेरची टोळी दिवाळीच्या तोंडावर उसाला निघायची होती. मी तिला काय सांगितलं न्हाई. नुसतं म्हणलं, दोन तारखेला थांब, मग जा. ती आली, भुजंग आला. तरणा फादर पांढरा झगा घालून, तांब्याच्या भांड्यात पाणी घेऊन कुंपणाच्या आतून चालायला लागला. एकेका कबरीवर शिंपडत. एस्तेर नेहमीसारखी बाहेरच्या वाटेनं धोंड्याकडं निघाली. अन् वाटेत कुंपण आडवं आलं. ती उभीच राहिली. एकदा कुंपणाकडं बघायची, एकदा धोंड्याकडं. मग माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली.

ती फाटकातून आत पळत आली.

फादर धोंड्यापाशी पोचला तवा ती तितं बसलेली. त्यानं इचारलं, "हे कुणाचं?" ती म्हणली, "माझं." त्यानं पाणी शिंपडलं. वाकून दोनदा शिंपडलं. त्यानं पुढं काय इचारलं न्हाई अन् आमी काय सांगितलं न्हाई. कस्तुराबाईनं माझ्या कमरेला चिमटा काढला. म्हणली, "बघ. हेच त्या दिवशी करायचं होतं तुला."

तुमी तितं असायला पायजे होतात. मला दुसरं काय म्हणायचं न्हाई. समद्या होत्या अन् तुमी नव्हतात. अन् तुमी का नव्हतात, त्यात माझा बी वाटा हाय, मी त्या दिवशी गहू निवडत बसले.

अन् एक सल अजून हाय, तो सांगते. लेकरू आत आलं ते आमी काटे सरकवले म्हणून. कोकिळाचं पाणी खरं होतं म्हणून न्हाई. तुमी मला पत्रात म्हणलात, फादरला पत्रात म्हणलात. पर एस्तेरच्या तोंडासमोर कुणी म्हणलं न्हाई. ती अजून मनात धरून असंल की चोरून आत आलीय आपली पोर. ते तिला तुमीच येऊन सांगायला पायजे. दिसत नसलं तरी तोंड हाय ना? ताडकळसच्या स्टँडवर मी येते घ्यायला. ह्या बारीला येते.

पर येण्याआधी एक सांगून ठेवते, न्हाईतर तितं आल्यावर कुणीतरी सांगंल अन् तुमी दचकाल.

उसाला जायच्या आधी भुजंगनं शिमिटाचा क्रूस केला. पाटीवर थापला, ओला होता. एस्तेर म्हणली, ह्याच्यावर नाव पायजे. मग मला इचारलं, "कोकिळामाय, बाप्तिस्मा देताना नाव घ्यावं लागतं ना? तुमी काय नाव घेतलं होतं?"

सात वर्सांत हे पयल्यांदा कुणी इचारलं. फादरनी शब्द इचारले, पाणी इचारलं, नाव इचारलं न्हाई. तुमी बी इचारलं न्हाई. अन् मला इतका राग होता की मी आपणहून सांगितलं न्हाई. ज्या बाईनं खाली बघितलं तिला हे कामून सांगावं, असं वाटलं. कस्तुराबाईला ठाव होतं, तिनं ऐकलं होतं. तिनं बी तोंड उघडलं न्हाई, म्हणली ते तुझं तू सांग. सांगितलं असतं तर तुमी त्या दिवशी वर बघितलं असतं का, हे मी लय बार मनात घोळवलं. आता त्याला इलाज न्हाई.

एस्तेर बेशुद्ध, लेकरू जायलेलं, नाव काय ठेवावं मला सुचंना. तुमच्या धर्मातलं मला एकच नाव नीट येत होतं.

भुजंगला लिवता येत न्हाई, एस्तेरला बी न्हाई. खिळा घेऊन मीच बसले. शिमिट वाळायला लागलं होतं, बोटं दुखली, पर अक्षर तुमी शिकवलं तसं आलंय, वेलांटी सुद्धा चुकली न्हाई. आलात की हात लावून बघा. 'एमिलिया' लिवलंय.

तुमची
कोकिळा